बिअरच्या पातेल्यातलं कुंकू

अमेरिकेत, फ्रिस्को गावात रेखाकाकूंच्या गॅरेजबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत चौरंगावर आमचंच पातेलं! पंधरा गॅलनचं, स्टेनलेस स्टीलचं. माझा नवरा सिद्धेश त्यात घरी बिअर बनवतो. नवरात्राच्या महाप्रसादाला एवढं मोठं भांडं दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, म्हणून काकूंनी ते नेलं होतं. आता त्याच्या आतून तांबडे ओघळ उतरत होते आणि माणसं हात जोडून उभी होती.

"साक्षात आईचं कुंकू!" अमेरिका टूरवर आलेले गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "मदिरेचं पात्र पावन झालं. व्हायब्रेशन्स फील करा! रोज मिठाच्या पाण्यानं अभिषेक. आणि पुसायचं नाही हं, शक्ती निघून जाते."

तेच तांबडं पाणी गुरुजी तीर्थ म्हणून मुलांना पाजत होते. वीस मुलं आणि एकच उष्टी पळी. मला शिसारी आली.

"ही अजून बोलत नाही ना?" गुरुजींनी माझ्या अडीच वर्षांच्या केयाकडे पाहिलं. "स्पीच थेरपी कॅन्सल करा. अकरा दिवस तीर्थ. पोपटासारखी बोलेल."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही केयाला घेऊन पातेल्यापुढे वाकले. तेवढ्यात नाकात गंजाचा वास शिरला.

"काकू, पातेलं कशानं घासलंत?"

"अगं आश्लेषा, बिअरचं भांडं देवीला तसंच कसं चालेल? दिवसभर ब्लीचमध्ये ठेवलं, मग तारेच्या घासणीनं खसाखसा घासलं. शुद्ध!"

हा गंज आहे, असं मी तिथेच ओरडून सांगितलं. "यार, किती निगेटिव्ह!" मागून कुणीतरी म्हणालं.

घरी सिद्धेशनं कपाळावर हात मारला. "स्टीलवर न दिसणारा पातळ थर असतो, तो गंज अडवतो. ब्लीचनं तो खाल्ला, घासणीचे लोखंडी कण चऱ्यांत अडकले, वर रोज मीठ! म्हणून मी मऊ स्पंज आणि ब्लीच नसलेलं क्लीनर वापरतो. धुऊन लगेच कोरडं करतो."

पातेल्याचं झाकण घरीच होतं. अर्धं मी काकूंच्या पद्धतीनं घासलं, अर्धं सिद्धेशच्या. आठवडाभर सगळ्यावर मिठाचं पाणी शिंपडलं आणि शनिवारी ते अर्धं तांबडं, अर्धं लख्ख झाकण काकूंच्या चौरंगावर ठेवलं.

"गुरुजी, आई अर्ध्याच झाकणावर प्रसन्न झाली. उरलेल्या अर्ध्यावर काय राग?"

कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजींचे डोळे खाडकन उघडले. "अश्रद्ध बाईच्या लेकराला वाचा कशी फुटणार?"

रेखाकाकूंनी त्यांच्या हातातली पळी हिसकावून घेतली. "माझ्या घासणीचा गंज पाजलात पोरांना? आणि वर त्या बाळाला शाप? निघा!"

पातेल्यावरचा गंज सायट्रिक ॲसिडनं निघाला, चरे राहिले. केया अजून बोलत नाही. मंगळवारची थेरपी चालू आहे.

पोराच्या काळजीनं आईबाप किती भोळे होतात, ते मी स्वतःवरूनच पाहिलं. असे बुवा नेमके तिथेच हात घालतात. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, याला काल काय लावलं होतं? उत्तर मिळेपर्यंत पळी मुलाच्या ओठांना लावू नका.