जुन्या फाइलवर

रेवाबाई बोलून उठली, मी फाइलला नाव देणार, एवढ्यात लाईट गेली. यूपीएसने एकदा शिट्टी मारली आणि तोही गेला.

"गयं ना सगळं?" शेजारच्या टेबलावरून लोटनभाऊ म्हणाले. ते आमच्या धडगावच्या कार्यालयातले लिपिक. "मी तुले काय सांगेल व्हतं? दर ओळले सेव्ह कर. आते रड."

"रडाले टाईम नही, लोटनभाऊ. लाईट उनी का मशीन चालू करा."

मी खाली सपाटीवरच्या कोरीट गावची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर वर्षभरापूर्वी इथे लागले. पाच वर्षांखालचं मूल दगावलं की आईवडिलांना बोलावून घ्यायचं, काय झालं ते विचारायचं आणि टाइप करायचं, हे माझं काम. ती नोंद तालुक्याच्या समितीपुढे जाते आणि मृत्यूचं कारण समिती ठरवते.

रेवाबाईची मुलगी सात महिन्यांची होती. बारा दिवसांपूर्वी सकाळी तिची छाती भराभर उडू लागली. वडील वीरसिंग फोन घेऊन टेकडीवर गेला, कारण रेंज फक्त तिथेच येते. रुग्णवाहिका संध्याकाळी आली. मुलगी घाटातच गेली. रेवाबाई त्यांच्या पावरी बोलीत सांगत होती, वीरसिंग शाळेतल्या मराठीत मला समजावत होता. घरात घड्याळ नाही. सावली कुठवर आली होती, गुरं सोडली होती का, असं विचारत विचारत मी एकेक वेळ काढली होती. त्याला दोन तास लागले होते.

उठताना रेवाबाईने एकच विचारलं. हे सगळं कागदावर येईल का? पाड्यात तिची सासू सांगत फिरत होती, की ही पोरीला दिवसभर मांडीवर घेऊन बसली, नवऱ्याला वेळेवर उठवलं नाही. तिला तो कागद पाड्यातल्या बैठकीत वाचून दाखवायचा होता. येईल, असं मी सांगितलं होतं.

तासाभराने मशीन सुरू झालं. डाव्या बाजूला वाचवलेल्या फाइलींची यादी उघडली, तेव्हा मला हायसं वाटलं. मी फाइल उघडली. वर रेवाबाईचं नाव, पाड्याचं नाव, मुलीचं वय. त्याखाली लिहिलं होतं: "पालकांनी प्रथम बडव्याकडे (मांत्रिकाकडे) नेले. दवाखान्यात नेण्यास कुटुंबाकडून उशीर झाला."

हे रेवाबाईचं नव्हतं. ऑगस्टमधल्या दुसऱ्या एका मुलाचं होतं.

चूक माझीच. आमच्याकडे कोरा फॉर्म कुणी उघडत नाही. मागच्या मृत्यूची फाइल उघडायची, जुना मजकूर खोडत नवा टाइप करायचा आणि शेवटी नाव बदलायचं. रकाने पुन्हा आखावे लागत नाहीत. लोटनभाऊंनी मला पहिल्याच दिवशी हे शिकवलं आणि मला ते सोयीचं वाटलं. मशीनने आपोआप केलेली शेवटची साठवण मी वरचे तीन रकाने भरले तेव्हाची होती. का थांबली, हे मी नंतर शोधून काढलं. डिस्क भरली होती.

समितीची बैठक दुसऱ्या दिवशी अकराला होती आणि वीरसिंगचं कुटुंब त्याच सकाळी ऊसतोडीला गुजरातेत निघणार होतं. मी आठवून लिहिलेलं समिती धरत नाही, जबाब पालकांच्या तोंडचाच लागतो.

साडेसातला मी जीप स्टँडवर पोहोचले. मुकादमाच्या ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या चढत होत्या. रेवाबाई गोधड्यांवर बसली होती. मशीन बंद पडलं, पुन्हा सांगावं लागेल, असं मी वीरसिंगला सांगितलं. त्याने तिला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मॅडम, ती एकदा बोलली," वीरसिंग म्हणाला. "पोरगी गेल्यावर पहिल्यांदा बोलली. आता नाही बोलणार."

"तुझा फोन दाखव."

बटणांचा फोन होता. रुग्णवाहिकेला लावलेले तीन कॉल आणि ड्रायव्हरचा आलेला एक कॉल यादीत होते. पण तारीख होती १ जानेवारी २०१५. पाड्यात वीज नाही, म्हणून तो बाजारात बॅटरी काढून दुकानदाराकडे चार्जिंगला देतो आणि घरी ती संपू नये म्हणून काढूनच ठेवतो. बॅटरी निघाली की फोनचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

"पहिल्या आणि शेवटच्या कॉलमध्ये बॅटरी काढली होतीस?"

"टेकडीवर कशाला काढू?"

म्हणजे वेळा चुकीच्या असल्या तरी त्यांच्यातलं अंतर बरोबर होतं. पहिला कॉल एक वाजून बारा मिनिटांनी, ड्रायव्हरचा, गाडी पोहोचल्याचा, सहा एकतीसला. पाच तास एकोणीस मिनिटं. मी पडद्याचा फोटो काढला. मुकादम ओरडला, "ओ बाई, व्हा बाजूला! तुमचं होईल आणि आमची खेप जाईल."

बैठकीत मी फोटो दाखवला, फळ्यावर वजाबाकी करून दाखवली. अध्यक्ष साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"रात्री एक वाजता टेकडीवर? आणि दोन हजार पंधरा? मॅडम, मुलगी जन्मायच्या आधीच यांनी गाडी बोलावली होती?"

दोघेतिघे हसले. मी पुन्हा समजावलं. साहेब ऐकत होते, हे मला मान्य केलं पाहिजे. मग ते म्हणाले, "तुमचं गणित बरोबर असेल. पण मी वर काय पाठवू? मूळ जबाब कुठे आहे?"

"गेला."

"आणि फाइलमध्ये जे आहे?"

"ते दुसऱ्याचं आहे. माझ्याकडूनच पुसायचं राहिलं."

"म्हणजे तुमच्या फाइलवर विश्वास ठेवायचा नाही आणि तुमच्या फोटोवर ठेवायचा." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "घरी उशीर, असं लिहा. पुढची केस."

मी सही करणार नाही म्हटलं. लोटनभाऊंनी केली.

चौथ्या दिवशी वीरसिंगचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"लिहिलं का, मॅडम?"

मी त्याला सगळं सांगितलं. माझी जुनी फाइल, साहेबांचा निर्णय, खाली झालेली सही.

"रेवाला सांगू नका," तो म्हणाला. "ती रोज विचारते. मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, कागदावर आलं म्हणून. होळीला घरी गेलो की कागद मागेल. तेव्हा काय द्यायचं, ते तुम्ही सांगा."

होळीला अजून तीन महिने होते.