मनीचा बोका

कुत्र्याचं नाव बोका ठेवलं ते मुलीने. तिला स्वतःला घरात सगळे मनी म्हणत, आणि मनीच्या घरात बोका हवाच, असं तिचं म्हणणं. पुढे मनी नर्स झाली, लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, आणि एक कान उभा नि एक पडका असा तो काळापांढरा बोका आईकडेच राहिला. "तात्पुरता ठेव गं, आमचं बस्तान बसेपर्यंत," असं मनी म्हणाली होती. बस्तान कधीच बसलं, पण तात्पुरत्याचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि आईनेही काढला नाही.

आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. फ्रेमच्या मापाने काचा घासायच्या, बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी टोचत असेल तर गरम करून वाकवून द्यायची. दिवसभर लोकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काम, पण बोलणं असं कुणाशी होत नसे. बोलणं व्हायचं ते संध्याकाळी, बोक्याशी. तो जातीचा मेंढ्या राखणारा, आणि नशिबी आला चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा संसार. त्यामुळे बागेत पळायला येणाऱ्या लोकांना गोल फिरून एका जागी जमा करणं हा त्याचा उद्योग होऊन बसला होता. लोक शिव्या घालत, आई माफी मागे, आणि घरी आल्यावर त्याला म्हणे, "अरे, ती माणसं आहेत. त्यांना कुठेही न्यायचं नसतं."

मध्यंतरी जिन्यात एक मांजर दिसलं म्हणून त्याने असा हिसका दिला, की आई सहा पायऱ्या खाली आली आणि मनगट मोडलं. मनीने तेव्हा प्लॅस्टर निघेपर्यंत रोज फोन केला. "तो तुझ्याच्याने आवरत नाही आता, आई," असं ती प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायची. आई हो हो करून फोन ठेवायची.

म्हणून जेव्हा मनीने एक दिवस आपणहून सांगितलं की गावाबाहेर मेंढ्यांवर कुत्रे शिकवण्याचं शिबिर आहे, शनिवार-रविवार, कुत्रा आणि त्याचा माणूस अशी जोडीने शिकवणी, तेव्हा आईला आधी खरंच वाटेना.

"आपण दोघी जाऊ. बोक्याला घेऊन. मी रजा टाकलीये," मनी म्हणाली.

बोक्याला मेंढ्या दिसणार याचा आनंद होताच. पण खरं सांगायचं तर आईचा जीव सुपाएवढा झाला तो "आपण दोघी" या दोन शब्दांनी. लग्नापासून मनी यायची ती चप्पल न काढता आल्यासारखी. चहा घ्यायची, घड्याळ बघायची, निघायची. आता सलग दोन दिवस ती आपली एकटीची असणार होती. आईने आठवडाभर दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला ही बातमी सांगितली. मालक म्हणाला, "शिकायला चाललंय कोण, बोका की तुम्ही?"

"दोघंही नापास होऊन येऊ," आई म्हणाली. त्या आठवड्यात तिला सगळ्याचंच हसू येत होतं.

शिबिराची जागा म्हणजे उतारावरचं एक मोठं कुरण, पत्र्याची एक शेड, शेडमध्ये बाकं आणि चिखलाच्या बुटांची रांग. सगळ्यावर ओल्या लोकरीचा वास. शिकवणारी बाई उंच, काटकुळी, गळ्यात शिट्टी. सगळे तिला ताई म्हणत होते. दोन कुत्रे घेऊन आलेलं एक बेकरीवालं जोडपं होतं आणि एक बँकेतले साहेब होते, ज्यांचं पिल्लू मेंढी दिसली की त्यांच्याच पायांत शिरत होतं.

पहिला धडा कुत्र्यांविना झाला. ताईंनी आईला मेंढी केलं आणि बँकेतल्या साहेबांना कुत्रा. "कुत्रा डावीकडून आला तर मेंढी कुठे जाईल, ते आधी तुमच्या पायांना कळू दे," त्या म्हणाल्या. आई चिखलातून तुरुतुरु पळाली, साहेब धापा टाकत मागे, आणि कुंपणाबाहेर उभी राहून मनी पोट धरून हसत होती.

"तू पण ये की आत," आईने हाक मारली.

"नको. फोटो कोण काढणार मग?"

दोन्ही दिवस मनी कुंपणाच्या आत आली नाही. बूटसुद्धा घातले नाहीत तिने.

बोक्याची पाळी आली तेव्हा पहिल्यांदा नुसता गोंधळ झाला. तो सुसाट मेंढ्यांच्या मधोमध घुसला, कळप चौफेर उधळला, आणि तो तोंडात लोकर घेऊन परत आला. आई ओरडून ओरडून थकली. ताई शांतपणे तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही फार बोलता त्याच्याशी. गप्प राहा. तुम्ही मेंढ्यांच्या या बाजूला राहिलात, की तो आपोआप त्या बाजूला जाईल. त्याच्या रक्तातच आहे ते. तुम्ही फक्त त्याच्या वाटेत येऊ नका."

आई गप्प राहिली. अवघड गेलं. पण दुपार कलेपर्यंत एक क्षण असा आला, की मेंढ्या मधे गोळा झाल्या, या टोकाला आई, त्या टोकाला गवताशी पोट टेकून बोका. त्याचा पडका कानसुद्धा उभा राहिला होता. आईने एक पाऊल उजवीकडे टाकलं, तसा तो तेवढाच सरकला. तिने पाऊल मागे घेतलं, तोही थांबला. मधे सगळा कळप होता आणि तरी दोघांच्यात दोरी बांधल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं एका घरात राहून आपण याला आत्ता भेटतोय, असं तिच्या मनात आलं.

कुंपणाला टेकून एक टोपीवाला माणूस सकाळपासून हे बघत होता. बोका बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "किती वर्षांचा?"

"पाच होतील."

त्याने खाली बसून बोक्याचे पाय चाचपले, ओठ वर करून दात बघितले. बोक्याने निमूट बघू दिले. "चांगला आहे," तो म्हणाला आणि गेला. आईला वाटलं, शिबिराचा जनावरांचा डॉक्टर असेल.

मुक्काम शेडमागच्याच एका खोलीत होता. संध्याकाळी मनीने न सांगता तेलाची बाटली काढली आणि आईचं मनगट चोळून दिलं. हळूहळू, बोटाबोटापर्यंत. "दुखतं अजून?" तिने विचारलं. आई नाही म्हणाली. दुखत होतं, पण त्या घडीला काही दुखतंय असं वाटत नव्हतं. बोका दोघींच्या खाटांच्या मधे पसरला होता. आईला लगेच झोप लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आई शेडबाहेरच्या नळावर हात धूत होती. ताई शेजारी आपली बादली भरत होत्या. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "त्याचं अंथरूण आणलंय ना? आणि रोजचं खाणं? नव्या जागी पहिला आठवडा जुना वास जवळ असलेला बरा."

"कुठली नवी जागा?"

ताईंचा हात नळावरच थांबला. त्यांनी आईकडे बघितलं, मग लांब गाडीपाशी उभ्या असलेल्या मनीकडे बघितलं. मनी त्या टोपीवाल्याशी बोलत होती. गाडीची डिकी उघडी होती, आणि बोक्याची घरची निळी चादर, पाण्याचं भांडं आणि खाण्याची अख्खी पिशवी डिकीत रचून ठेवलेली होती. दोन दिवसांसाठी एवढं कशाला, असं आईने निघतानाच विचारलं होतं. "असू दे गं," असं मनीचं उत्तर होतं.

"तुम्हाला माहीत नाही," ताई म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

बादली भरून वाहायला लागली होती. आईने नळ बंद केला, ओले हात साडीला पुसले आणि ती गाडीकडे चालू लागली. पोचेपर्यंत तिला वाटत होतं, काहीतरी घोटाळा असेल, दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याचं बोलणं असेल. मनीने तिला येताना पाहिलं आणि खाली बघितलं. तेव्हा तीही आशा संपली.

"काय ठरवलंयस तू?" आईने विचारलं.

"आई, आधी शांतपणे ऐकून घे."

"मी शांतच आहे."

मनी भराभर बोलू लागली, पाठ केल्यासारखी. यांची तीनशे मेंढरं आहेत. यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याची नजर गेलीये. बोका इथे मोकळा राहील, काम करेल. तूच बघितलंस ना काल, कसा खुलला होता. चौथ्या मजल्यावर त्याचे हाल आहेत, आणि तुझेही. आज मनगट मोडलं, उद्या कंबर मोडेल. तुझ्या जावयानेच चौकशी करून यांना शोधून काढलं, महिन्यापूर्वी.

"महिना झाला," आई म्हणाली. "महिनाभरात मला सांगायला एक दिवस मिळाला नाही तुम्हाला?"

"तू ऐकलं नसतंस."

"विचारलं असतंस तर कळलं असतं. कधी सांगणार होतीस? दोरी यांच्या हातात दिल्यावर?"

मनी डोळे भरून म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत. चौथा महिना आहे. म्हणून तर मी मेंढ्यांत आले नाही. बाळ आल्यावर तू आमच्याकडे राहायला हवीस, आणि तिथे कुत्रा नाही चालणार. मग काय करणार होते मी?"

या बातमीची आईने किती वाट पाहिली होती. ती कशी येईल, आपण काय करू, आधी हसू की रडू, हे तिने कितीदा मनात घोळवलं होतं. आणि आली ती अशी, भांडणात मुद्दा म्हणून. जपून ठेवलेली, गरज पडेल तेव्हा काढायला. तिला मुलीच्या पोटावर हात ठेवावासा वाटला आणि हात उचलला गेला नाही.

"काल तेल लावलंस मला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"काही नाही."

टोपीवाला इतका वेळ टोपी हातात घेऊन उभा होता. तो पुढे आला. "बाई, मला सांगितलं होतं की घरात सगळ्यांचं ठरलंय. ठरलेलं नसेल तर मला कुत्रा नको. ज्याच्यासाठी मागे कुणी रडतंय असं जनावर मी नेत नाही."

"कुत्रा माझा आहे तसा," मनी पुटपुटली. "मी आणला होता."

"आणलास तू," आई म्हणाली. "आजारी पडला तेव्हा उशाशी कोण बसलं, ते तू त्यालाच विचार."

बोका शेडच्या सावलीत जीभ बाहेर काढून बसला होता. आपल्यावरून काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. आईने डिकीतून चादर काढली, भांडं काढलं, खाण्याची पिशवी बरगडीशी धरली. मनी मदतीला पुढे झाली, तर आईने अंग चोरलं. तेवढ्यानेच मनी रडायला लागली. आईला तिची दया आली, पण त्याने काही बदललं नाही.

दुपारची शेवटची शिकवणी आईने पुरी केली. ताईंनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ती कुरणात उतरली आणि या वेळी एकही शब्द बोलली नाही. बोक्याने कळप कालच्यापेक्षा नीट आणला, चढावरून फाटकापर्यंत, एकसुद्धा मेंढी न फुटता. बेकरीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आईला दिसत होतं की मनी खोटं बोलली नव्हती. हा कुत्रा इथलाच होता. हे तिला मनीने नुसतं दाखवलं असतं, बाकी काही न करता, तर कदाचित तिनेच आपल्या हाताने त्याची दोरी त्या माणसाला दिली असती. आता ते होण्यासारखं राहिलं नव्हतं.

परतताना ती गाडीत बसली नाही. बेकरीवाल्यांच्या टेम्पोत मागे जागा होती, तिथे तीन कुत्र्यांबरोबर बसून आली. निघण्याआधी ती मनीजवळ गेली.

"माझ्या घराची किल्ली आहे ना तुझ्याकडे? दे."

"आई, ती तुला काही झालं तर असावी म्हणून…"

"माहितीये. दे."

"मी काय तू दुकानात गेलेली बघून त्याला चोरून नेणार आहे?"

"कालपर्यंत मी नाहीच म्हणाले असते," आई म्हणाली.

मनीने जुडग्यातून किल्ली काढली. नखाने कडी उघडेना. आईने मदत केली नाही, थांबून राहिली. किल्ली मिळाल्यावर म्हणाली, "जपून चालव गाडी. आणि जड उचलू नकोस आता."

त्यानंतर आई अधूनमधून रविवारी बोक्याला घेऊन बसने त्या टोपीवाल्याकडे जाऊ लागली. त्याने स्वतःच फोन करून बोलावलं होतं, आणि पहिल्या खेपेलाच सांगून टाकलं, की पुन्हा कधी मागणार नाही. बोका सकाळभर मेंढ्या वळतो आणि परतीच्या वाटेवर आईच्या पायावर डोकं टाकून झोपतो. जिन्यात आता तो ओढत नाही, "हळू" म्हटलं की कळतं त्याला.

नात झाली. आई रोज दुकान सुटल्यावर जाते, तिला न्हाऊमाखू घालते, मनीला गरम खायला करून वाढते, आणि मुक्कामाला न थांबता आपल्या घरी येते. जावई "राहा की" म्हणतो, ती "बोका वाट बघत असेल" म्हणते. भांडण असं काही नाही. बघणाऱ्याला वाटेल, सगळं ठीक झालं.

नात बसायला लागली त्या सुमाराला एकदा मनी म्हणाली, "आई, मी जरा मोकळी झालीये आता. कुठेतरी जाऊया का दोन दिवस? आपण दोघी."

आई बाळाचं दुपटं घडी करत होती. तिने मान वर केली, आणि मनात काही ठरवायच्या आधीच तोंडातून निघून गेलं, "कशासाठी?"

आईने घडी पुरी केली आणि दुसरं दुपटं उचललं.