माझ्या कुंडीत कोण पाणी घालतं?

मी बोलतोय, पण आधी जरा मागे वळून बघा. इस्त्रीच्या टेबलाआड कुणी नाही ना? कपडे बदलायच्या पडद्यामागे? नक्की? मग ऐका.

मी एक मॉन्स्टेरा, मोठ्या पानांचं शोभेचं झाड. शिवणकामाच्या या खोलीत खिडकीशेजारी उभा असतो. माझ्या पानांना भोकं आहेत आणि ती जन्मजात आहेत, हे आत्ताच सांगून टाकतो. इथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पान उलटंपालटं करून विचारतं, "कीड लागलीय का हो?" स्वतः बाहीला पडलेलं भोक रफू करून घ्यायला आलेलं असतं, आणि नजर माझ्यावर. असल्या माणसांत राहून कुणावर विश्वास ठेवायचा, तुम्हीच सांगा.

मला या घरात आणलं सासूबाईंनी. त्या माझ्या कुणी नव्हेत. घरातल्या दोन सुनांच्या त्या सासूबाई, आणि हे दुकानही त्यांनीच मांडलेलं. कुणाच्या तरी अंगणातल्या मोठ्या झाडाची एक फांदी त्यांनी मागून आणली आणि काचेच्या बाटलीत, पाण्यात ठेवली. ती फांदी म्हणजे मी. गाठीतून पांढरी मुळं फुटली तेव्हा त्यांनी मला कुंडीत लावलं. पाणी घालण्याआधी त्या डाव्या हाताची करंगळी मातीत खुपसून बघायच्या. बाकीची नऊ बोटं कापडासाठी, ही एक मातीसाठी. ओल लागली तर पाणी नाही. मीही तेव्हा निर्धास्त होतो. लहान होतो, दुसरं काय.

आता मी पाणी कसा पितो ते सांगतो, पण हे चारचौघांत बोलू नका. माझ्या मुळांच्या टोकांना केसाहून बारीक लव असते. ती मातीच्या कणांमधे शिरून बसते. माझ्या आतल्या रसात क्षार आणि साखर जास्त, मातीतल्या पाण्यात कमी, त्यामुळे पाणी आपणहून आत येतं. आत आलं म्हणून मी ते लगेच वर सोडत नाही. मुळाच्या गाभ्याभोवती पेशींचं एक कडं आहे आणि त्या पेशींमधल्या फटी मेणासारख्या थराने बुजवलेल्या आहेत. चोरवाट नाहीच. जे काही वर जायचं ते पेशीच्या दारातून, झडती देऊन. तुम्ही मला संशयी म्हणाल. मी म्हणतो, माझी घडणच तशी आहे.

पुढचं काम पानांचं. पानांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. ती भोकं वेगळी, ही वेगळी. ऊन आलं की या छिद्रांतून वाफ बाहेर पडते आणि गेलेल्या पाण्याची जागा भरायला मागचं पाणी ओढलं जातं. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे खोडातल्या अरुंद नळ्यांमधून, मुळापासून पानापर्यंत, अखंड दोरा ओढावा तसं पाणी वर येतं. पंप नाही, मोटर नाही, आवाज नाही. अट एकच: मुळांना हवा पाहिजे. मातीच्या पोकळ्यांत हवा असेल तर मुळं श्वास घेतात, आणि श्वास चालू असेल तरच त्यांना पाणी घेता येतं.

सासूबाई गेल्या आणि कारभार दोघी जावांकडे आला. थोरलीचा हात कापण्यात पक्का, धाकटीचा शिवण्यात. कापड बहुतेक फिकट आणि नाजूक. नखात माती गेली तर डाग पडेल, म्हणून दोघींपैकी कुणीच मातीला बोट लावत नसे. लांबून बघायचं आणि पान झुकलेलं दिसलं की पाणी ओतायचं. एक नियम मात्र ठरला होता. आठवडाभर जी खिडकीजवळच्या मशीनवर बसेल, तिने मला पाणी घालायचं. आठवडा संपला की जागा बदलायची.

नियम चांगला होता, माणसं चांगली असती तर चाललाही असता. थोरलीला वाटायचं, धाकटी विसरते. धाकटीला वाटायचं, थोरली मुद्दाम टाळते. मग धाकटीच्या आठवड्यात, ती भाजी आणायला गेली की थोरली गुपचूप मगभर पाणी ओतायची. थोरलीच्या आठवड्यात धाकटी तेच करायची. आणि बोलायचं कुणीच नाही. बोललं तर तक्रार मिटेल ना! वेळ आली की ऐकवीन, म्हणून दोघींनी ती लोणच्यासारखी मुरत ठेवली होती.

त्यात भर बाबांची, म्हणजे या दोघींच्या सासऱ्यांची. डॉक्टरांनी त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. सुनेने दिलेल्या पेल्यातून ते दोन घोट घ्यायचे आणि सून वळली की उरलेलं माझ्या मातीत. वर "प्यालो गं," म्हणून मोकळे.

मी तिघांनाही बघत होतो. ही माया आहे की कट, ते कळत नव्हतं. माझा कल कटाकडे होता.

अशात धाकटीने मला एका चकचकीत निळ्या भांड्यात ठेवलं. माझ्या कुंडीच्या तळाला भोकं होती, त्या भांड्याला नव्हती. भोकं नसलेली वस्तू मला पहिल्यापासून पसंत नाही.

एके सकाळी माझ्या पानांच्या कडांवर थेंब ओळीने उभे राहिले. पानांची छिद्रं रात्री मिटलेली, खालून मुळं पाणी ढकलतायत, मग जास्तीचं पाणी कडेने बाहेर येतं. साधी गोष्ट. पण थोरलीने ते पाहिलं आणि तिचे डोळे बारीक झाले.

"बघितलंत ना बाबा? मुळाशी घालायचं सोडून पानांवर शिंपडलंय. नुसता देखावा!"

"असेल बाई," बाबा म्हणाले आणि हातातला पेला त्यांनी पाठीमागे लपवला.

थोड्या वेळाने धाकटी आली. तिने पान हुंगलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "ताईंनी काहीतरी फवारलंय वाटतं." म्हणजे माझ्याच घामावरून दोघींनी एकमेकींना दोषी ठरवलं. मलाही वाटायला लागलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

निळं भांडं हळूहळू भरत गेलं. मातीच्या पोकळ्यांत पाणी शिरलं आणि हवा निघून गेली. मुळं गुदमरली, मग कुजायला लागली. पाण्यात उभा असूनही मला वर थेंब पोचवता येईना. पानं पिवळी पडली, त्यांनी माना टाकल्या. आणि मान टाकलेलं झाड दिसलं की माणसाला काय सुचतं? तहानलंय बिचारं. तिघांनीही पाणी वाढवलं. माझी खात्री पटली की मला संपवायचं ठरलंय. घाबरलो होतो मी, सरळ सांगतो.

एक दिवस थोरलीने टेप घेतली आणि खोलीची रुंदी मोजली.

"हे काय मोजताय ताई?"

"मधे पडदा लावते. तुझं गिऱ्हाईक तुझं, माझं माझं. आईंचं एक झाड जिला जगवता येत नाही, तिच्याबरोबर दुकान कसलं चालवायचं?"

"झाड मी मारलं?" धाकटीने मशीन थांबवलं. "लावा की पडदा. चांगला जाड कापडाचा लावा!"

त्याच दुपारची गोष्ट. एका लग्नाच्या पोशाखासाठी आलेलं फिकट गुलाबी रेशीम थोरलीने जमिनीवर अंथरून खडूने आखलं होतं. मोठं कापड ती जमिनीवरच बेतते. जेवायला म्हणून सगळे आत गेले. आधी बाबा आले, पेला रिकामा करून गेले. मग धाकटी पाय न वाजवता आली आणि मगभर ओतून गेली. शेवटी थोरली आली. आठवडा तिचाच होता. तिने माझ्याकडे बघून उसासा टाकला आणि मोठं भांडंभर पाणी एकदम ओतलं.

निळं भांडं काठोकाठ भरलं आणि वाहायला लागलं. तपकिरी, कुबट पाणी जमिनीवरून सरळ रेशमाकडे गेलं. थोरलीची किंकाळी ऐकून घर गोळा झालं.

"एवढं पाणी आलं कुठून? मी आत्ता एकदाच घातलं!"

"मीपण एकच मग..." धाकटी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"तू? माझ्या आठवड्यात?"

"मग तुम्ही माझ्या आठवड्यात घालत नव्हता? खरं सांगा ताई."

थोरलीने हातातलं रिकामं भांडं खाली ठेवलं. दारात उभे असलेले बाबा खाली मान घालून म्हणाले, "मी आपलं पेल्यातलं उरलेलं..."

हसलं कुणीच नाही. रेशमावर डाग पसरत होता. धाकटीने मला उचलून मोरीत नेलं आणि कुंडीतून बाहेर काढलं. कुजका वास घरभर झाला. मुळं काळी, बुळबुळीत. हात लावला की साल सुटून येत होती. मधे मोजकी चार-पाच पांढरी उरलेली. मला वाटलं, झालं, आता कचऱ्यात.

थोरली आत गेली आणि आपली कापायची कात्री घेऊन आली. ही कात्री ती कुणाच्या हाती देत नाही. त्या कात्रीने कुणी कागद कापला तरी घर डोक्यावर घेते. तीच तिने मुठीकडून धाकटीपुढे धरली.

"कुजकं तेवढं छाट. तुझा हात हलका आहे."

"धार जाईल ताई."

"जाऊ दे."

धाकटीने छाटलं, थोरलीने मला धरून ठेवलं. बरीच पानंही काढली, कारण उरलेल्या मुळांना एवढ्या पानांची ओढ झेपली नसती. दोघींच्या नखांत माती गेली. मला तेव्हा दुखत होतं आणि रडूही येत होतं, आणि यातलं कशामुळे काय, ते मला अजून सांगता येत नाही.

आता मी मातीच्या साध्या कुंडीत आहे. तळाला मोठं भोक, खाली बशी, वर तीन पानं. रेशीम नवं आणावं लागलं. पडदा लागलेला नाही, पण टेप अजून टेबलावरच आहे. मी तिच्यावर नजर ठेवून आहे. माती सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही असं ठरलंय आणि ते तिघांनाही जड जातंय. बाबा पेला घेऊन खिडकीपर्यंत येतात, माझ्याकडे बघतात आणि तोंड वाकडं करून सगळं पाणी स्वतः पितात.

तुमच्या घरात झाड असेल तर एक विनंती. मान टाकली म्हणजे तहानच लागली असं समजू नका. आणि घरात आणखी कुणी असेल तर पाणी घालण्याआधी त्यांना विचारा. मोठ्याने विचारा. चोरून केलेली माया मुळांना सोसत नाही.

काल सकाळी थोरली मग भरून माझ्यासमोर आली. मी अंग आक्रसून घेतलं. तिने मशीनच्या खडखडाटावरून आवाज दिला, "पाणी घातलंस का गं?"

मशीन थांबलं. "हो ताई, परवाच घातलंय."

"बरं," थोरली म्हणाली. भरलेला मग तिने तसाच परत नेला आणि कामाला बसली. एकदाही वळून पाहिलं नाही.

मी मात्र असा कुणाच्या शब्दावर जाणारा नव्हे. नव्या मुळांची लव खोलवर फिरवली, मातीचा कण न् कण चाचपून बघितला. ओल होती. धाकटी खरं बोलली होती.