विहार वाचवलेल्या गावाची भिक्षा

धावपट्टी लांबवायची ठरली, तेव्हा पर्यावरण अहवालाच्या बाई आमच्या बान नोंग खा गावात तीन पर्याय घेऊन आल्या. पहिल्यात विहार जाणार, घरं राहणार. दुसऱ्यात घरं जाणार, विहार राहणार. तिसरा, काहीच करायचं नाही. तिसऱ्याकडे सगळ्यांनी आशेनं पाहिलं, तर बाई म्हणाल्या, तो कायद्यानं लिहावा लागतो, म्हणून लिहिलाय. मग आम्हाला दाखवायची तरी हौस कशाला, असं मी बोलून गेले आणि गावप्रमुख प्रचुअपनं माझ्याकडे पाहून डोळे वटारले.

विहाराच्या कुंपणभिंतीत आमच्या मेलेल्यांच्या अस्थी आहेत. माझा नवराही तिथेच आहे, बोधिवृक्षाच्या बाजूला. त्याच्यावरून विमानं पळवायची? दुसऱ्या पर्यायासाठी सगळ्या सभेनं हात वर केले, मीही केला. भन्ते सवात समोरच उंच आसनावर बसले होते. भिक्षूला असल्या व्यवहारात ओढणं आमच्यात बरं दिसत नाही. बाईंनी त्यांच्यापुढे तीनदा डोकं टेकलं आणि त्यांचं सोडून सगळ्यांचं मत लिहून घेतलं.

आता आम्ही शहरापलीकडच्या वसाहतीत राहतो. घरं पक्की आहेत, नळाला पाणी आहे, पण शेजारी चिठ्ठ्या टाकून मिळालेले. बुन्सोमशी मी जन्मभर कुंपणावरून भांडले, ती भलत्याच गल्लीत गेली. भांडायलाही कुणी उरलं नाही. एकटीसाठी भात शिजवायचा जीवावर येतो.

मग कळलं की तरुण भिक्षू दुसरीकडे गेले आणि भन्ते विहारात एकटेच आहेत. भिक्षूनं रांधायचं नाही, उद्यासाठी ठेवायचं नाही, मागायचंही नाही. सकाळी पात्र घेऊन दारासमोर मुकाट उभं राहायचं. दारंच नसली तर? विमानतळाचा एक रखवालदार कधीमधी डबा देतो म्हणे. हे ऐकलं आणि मी पुढ्यातलं ताट झाकून ठेवलं. त्यांना घेऊनच यायचं, असं ठरवून मी बस धरली.

भन्ते अंगण झाडत होते. चिवर अंगावर ढगळ झालं होतं. मी म्हटलं, "भन्तेजी, वसाहतीत चला. कुटी बांधून देतो."

"लमूल, भिक्षू नसलेला विहार ओस ठरतो. मग ही भिंतही काढतील."

"काढू देत. तुम्ही उपाशी मराल इथे."

"मी गेलो, तर तुमची घरं कशासाठी गेली?"

मी विचारलं, त्या दिवशी सभेत तुम्हाला विचारलं असतं तर?

"पहिला म्हणालो असतो," ते म्हणाले. "घरं असली की विहार पुन्हा उभा राहतो."

मी भिंतीकडे तोंड करून रडले. नवऱ्यावरही रागावले, तो काय करणार बिचारा.

रात्री विहाराच्या सभामंडपात पडले आणि सकाळी सोबत आणलेल्या तांदळाचा तिथेच भात शिजवला. विहारातच वाढावा म्हणून बसले, तर भन्ते पात्र घेऊन अनवाणी फाटकाबाहेर पडले, नेहमीच्या वाटेनं. आमची घरं धावपट्टीपुढे मोकळ्या ठेवायच्या जागेत गेली. तिथे काहीच बांधलेलं नाही, नुसता सपाट मुरूम. माझं दार होतं तिथे ते थांबले, नजर खाली.

मी भांडं उचललं, चपला सोडल्या आणि धावले. एक पळी भात वाढला. ते प्रचुअपच्या दाराकडे वळले, तर मी त्यांच्याआधी तिथे जाऊन उभी राहिले आणि त्याच्या नावानं एक पळी वाढली. मग पलीकडच्या घरच्या थोंगयूच्या नावानं. मग बुन्सोमच्या, तिच्या नावानं जरा जास्तच, कारण जन्मभर तिला चिकट म्हणत आले होते. अशी शेवटच्या दारापर्यंत गेले.

तिथे भन्ते आशीर्वाद म्हणू लागले आणि डोक्यावरून विमान गेलं. एक शब्द ऐकू आला नाही. त्यांचे ओठ थांबेपर्यंत मी हात जोडून मुरुमावर बसले. उद्याचं त्यांनी काही विचारलं नाही. ते विचारणार नाहीतच.

परतीची बस दुपारची होती. मी भांडं घासलं आणि उद्याचे तांदूळ निवडायला बसले.