टायरच्या कडा

हंबीररावांनी तीस वर्षं एसटी चालवली. त्या तीस वर्षांत त्यांनी कुणावर विश्वास ठेवला असेल तर तो फक्त ब्रेकवर, आणि तोही रोज सकाळी तपासून. रिटायर झाल्यावर तपासायला ब्रेक उरला नाही, मग त्यांनी माणसं धरली. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवायचं, डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची. धाकट्या मुलीच्या, स्वप्नालीच्या, डाव्या बुटाचा सोल महिन्यात बोटापाशी झिजला, तर कच्चा माल लावला म्हणून ते मोच्याशी भर चौकात भांडून आले होते. अशा माणसाच्या या धाकटीनं स्वतःच नवरा पसंत केला, आणि तोही मोटारसायकलवाला. आता बोला.

बिचाऱ्यांच्या संशयाला कारणही होतं. थोरला जावई पृथ्वीराज चार वर्षांपूर्वी कागलकडं एका वळणावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. वळणापलीकडं उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं दिवा नाही, साधं लाल फडकंही नाही. थोरली मोना समोर आली की ते अजून नजर चुकवायचे. एक पोरगी वळणावर विधवा झाली, दुसरी व्हायची नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून रविवारी सकाळी स्वप्नालीनं पसंत केलेला यशराज घरी आला तेव्हा त्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पोरगा कोल्हापुरातून रोज जाऊन मलकापुरात बी-बियाणांचं दुकान चालवायचा. स्वप्नाली तिथल्याच शाळेत शिकवायची आणि रोज एसटीनं जायची.

"चला पावणं, वाघबिळाच्या घाटापातूर जाऊन येऊ. मी मागं बसतो," हंबीरराव म्हणाले.

शिवाजी पूल मागं पडला आणि त्यांनी यशराजच्या खांद्यावरून मीटरवर डोळा लावला. वळण ओळखायची त्यांची एक रीत होती. रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथं एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या टोकावर नजर ठेवायची. टोक आपल्याबरोबर पुढं सरकत असेल तर ठीक. ते जागच्या जागी थांबलं, तर वळण आवळत चाललंय असं समजायचं आणि वेग आणखी उतरवायचा. पोरगा नेमकं हेच करत होता. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा, मधल्या पट्ट्याकडं जायचा नाही, आणि पुढचा रस्ता मोकळा दिसला की मगच अॅक्सिलरेटरला पीळ द्यायचा. एका आंधळ्या वळणावर तर त्यानं गाडी पंचवीसवर आणली, आणि पलीकडं खरोखरच म्हशी रस्त्यात उभ्या होत्या.

दुसरा कुणी सासरा खूश झाला असता. हंबीररावांचा संशय मात्र दुप्पट झाला. एवढं शहाण्यासारखं कुणी रोज चालवत नसतं, ही सगळी सासऱ्यापुढची नाटकं.

वाघबिळाला यशराज चहा आणायला टपरीवर गेला तसे ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. त्यांनी टायरवरून बोट फिरवलं. जपून चालवणाऱ्याचा टायर मधोमध झिजतो, कडा कोऱ्या राहतात. इथं दोन्ही कडा पार शेवटपर्यंत खरवडलेल्या होत्या. डाव्या फूटरेस्टचं टोकही घासून चकाकत होतं.

"हे काय?"

यशराज चहाचे दोन ग्लास घेऊन आला होता. "टायर जुना हाय, मामा."

"जुना टायर मधी झिजतो. कडा झिजवाय वळणावर गाडी आडवी पाडाय लागती. गाडी दुसऱ्या कुणाला देतासा?"

यशराजनं त्यांचा ग्लास पुढं केला. "गाडी माझी हाय, मामा. जे काय हाय ती माझी जबाबदारी."

"मग माझी पोरगी तुमची न्हाय," हंबीरराव म्हणाले.

ते कोल्हापूरला परतले. यशराजनं त्यांना दारात उतरवलं, नमस्कार केला आणि तो निघून गेला. चोर बरोबर पकडला, या समाधानात हंबीरराव चप्पल काढायला वाकले आणि तसेच थांबले.

समोर स्वप्नालीचा डावा बूट होता. मोच्यानं लावलेला नवा सोलही बाहेरच्या अंगाला, बोटापाशी, किसणीवर धरल्यासारखा घासला होता. गाडी डावीकडं फार कलली की गिअरवरचा पाय रस्त्याला लागतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"स्वप्ने, एसटीचा पास दाव."

तिनं पास आणला. तो जानेवारीतच संपला होता.

"व्हय, मीच चालवती," तिनं मान वर करून सांगितलं. "यशराज मागं बसून वरडत असतो, हळू हळू. तुम्ही पृथ्वीराज भावजींना वळणं शिकवत हुता, तवा मी चहा घिऊन दारात उभी हुते. सगळं ऐकलंय. मला कवा शिकवलं न्हाईसा."

"काय ऐकलंस?"

"टोक पळतंय तवर आपुन पळायचं."

हंबीरराव पायरीवर बसले. "आणि टोकाच्या अलीकडं काय उभं असंल तर? दिसतोय तेवढ्या रस्त्यात गाडी थांबली पायजे, बाई. टायरची कडा कोरी ठिवायची असती. ती कडा त्या ट्रॉलीला चुकवायला राखायची असती."

"पृथ्वीराजला..." एवढं म्हणून त्यांनी तो डावा बूट मांडीवर घेतला. हे शेवटचं पृथ्वीराजला सांगितलं होतं की सांगायचंच राहिलं, हे चार वर्षं त्यांना आठवत नव्हतं. अख्ख्या कोल्हापुरावर संशय घेतला, पण हा एक संशय त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता. स्वप्नाली जवळ येऊन बसली. तिला सगळं समजलं असावं, कारण ती रडत होती.

थोड्या वेळानं त्यांनी फोन लावला.

"पावणं, कुठं पोचला?"

"पुलावर हाय, मामा."

"लग्न मोडाय लागलं तरी गप का बसला?"

"तिनं स्वतः सांगायचं हुतं, मामा. मी कसं सांगू?"

हंबीररावांनी नाक ओढलं. "चुकलं माझं. परत या, चहा ऱ्हायलाय. आणि मागचा टायर नवा टाकून घ्या. लग्न झाल्यावर दर आयतवारी गाडी माझ्या दारात लावायची. कडा मी बघणार."

"आणि उद्या शाळंला जाताना?" स्वप्नालीनं डोळे पुसत विचारलं.

"तू चालवायचीस. मागं मी बसणार."

"आबा, अजून माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?"

हंबीरराव पायरीवरून वाकले. ते तिचा उजवा, ब्रेकच्या पायाचा बूट उलटा करून बघत होते.