कोरी डिस्क

मास्तरांच्या स्वयंपाकघरातला सीडी प्लेअर अजून ठणठणीत होता, पण लग्नाआधी त्यांनी बायकोसाठी भरलेली गाण्यांची सीडी ओरखड्यांनी पार कामातून गेली होती. तिला तशीच नवी करून द्यावी म्हणून त्यांनी ती गाणी अजून ज्यात होती तो जुना कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवला आणि कोऱ्या डिस्क आणल्या.

पण ड्राइव्ह काही दाद देईना. जुन्या सिनेमाची डीव्हीडी घातली की चित्र लगेच सुरू, कोरी घातली की पडद्यावर एकच रड, “कोरी डिस्क घाला.”

“अरे बाबा, घातलीये ना!” मास्तर करवादले. त्यांनी डिस्क पुसली, वायर काढून पुन्हा खोचली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सगळं मुसळ केरात.

बायको हात पुसत आली. तिने ड्राइव्हवरची बारीक अक्षरं वाचली. “अहो, हा डीव्हीडी नुसती वाचतो. लिहितो फक्त सीडीवर. तुम्ही आणल्यात डीव्हीडी!”

“दुकानदार म्हणाला, सगळ्या सारख्याच.”

“दिसायला!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोऱ्या सीडी आणल्या. पहिलीच ड्राइव्हने मुकाट ओळखली आणि जुनी घरघर सुरू झाली. ती ऐकून मास्तरांना राहवलं नाही.

“तेव्हा सीडी भरेपर्यंत मी खिडकीत उभा राहायचो. समोरच्या टायपिंग क्लासातून तू कधी सुटतेस ते बघत.”

“इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी!” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. गाणी भरून होईपर्यंत दोघांपैकी कुणीच उठलं नाही.