बांबूआडची बांधी

मालगुजारी गेली आन् जंगल सरकारचं झालं, त्याच्या तिसऱ्या वर्षी जंगलखात्याच्या नाकेदारानं डोंगरीवर मचान बांधलं. दोन मोठे झाडं, एकावरून दुसऱ्यावर जायले बांबूचा पूल, आन् पल्याडच्या झाडावर उंच माळा. म्हने, जंगलाले आग लागली का वरून दिसते. मी त्यातलं एक अक्षर खरं मानलं नाई. आमच्या कुरखेड्याकडे आग लागली तं वासानंच समजते, त्याले मचान कायले पायजे?

मग त्यानं गावाले बोलावनं धाडलं. या म्हने, चढा, गंमत पाहा. सरकारचा मानूस फुकटात गंमत दाखवते, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मले धास्ती होती आमच्या बांधीची. तलावामागच्या बांबूबनात आमचं धानाचं एक वावर होतं, सासऱ्यानं मालगुजाराच्या तोंडी परवानगीनं काढलेलं. कागद नाई. त्याच धानावर आमचं सहा महिन्याचं जेवन. नाकेदाराले अजून पत्ता नव्हता. पन नाई गेलो तं तो म्हनन, हेच दोघं काऊन नाई आले? म्हनून गेलो. वाटभर मी माझ्या घरधन्याले, कमळीच्या बापाले, बजावलं, बोट दाखवू नको, बोलू नको, तलावाकडे तं पाहूच नको. त्याच्या तोंडाले लगाम नाई, हे साऱ्या गावाले ठाऊक.

पूल असा हालत होता का माझा जीव टांगनीले लागला. नाकेदार एकेकाचा हात धरून पार नेत होता. मले वाटलं, हा हात धरते का नाडी पाहते?

माळ्यावर लोक खुळावलेच. मुखरू म्हने, ते माझं घर. धुरपता म्हने, ते माझी म्हैस. दाखवा बापा, मी मनात म्हनलं, उद्या हा नाकेदार तुमच्याच दारात येऊन उभा राहीन. कमळीचा बाप मात्र हात मागं बांधून गुमान उभा होता. मले त्याचं मोठं कौतुक वाटलं.

नाकेदाराजवळ दुर्बीन होती. साऱ्याईचं पाहून झालं, मग त्यानं ती माझ्या हातात देल्ली. मी आधी गाव पाह्यलं, मग रस्ता. पन मनातला किडा स्वस्थ बसू देईना. हळूच तलावाकडे फिरवली. तलाव दिसला. त्याच्या मागं बांबूच बांबू, थेट टेकडीपर्यंत. बांधीचा कुठी मागमूस नाई. माझा जीव असा भांड्यात पडला का तोंडातून निघूनच गेलं.

"नाई दिसत वं माय!"

नाकेदार हासला. त्या हासन्यात कपट नव्हतं, हे मले आता समजते. तो मानूस खरंच आगीसाठी मचान बांधून बसला होता. त्यानं साधंच विचारलं,

"काय नाई दिसत, बाई?"

मी म्हैस म्हनू शकत होतो, घर म्हनू शकत होतो. पन मी घाबरून कमळीच्या बापाकडे पाह्यलं. नाकेदारानंबी त्याच्याकडे पाह्यलं, मग माझ्या हातची दुर्बीन घेतली आन् मी धरली होती तिकडेच धरली.

दुसऱ्या दिवशी तो पायी तलावामागं गेला. कागद नाई म्हनून त्यानं धान लावू देल्लं नाई, आन् त्या पावसाळ्यात आमची बांधी पडीक राह्यली. आन् ज्याच्या तोंडाले लगाम नाई म्हनत होतो, तो कमळीचा बाप त्यावरून मले आजवर एक शब्द बोलला नाई.